इस्त्रीखालचं कापड

बस चढावरच्या सिग्नलला थांबली होती. हिरवा दिवा लागला, ड्रायव्हरने क्लचवरचा पाय हळूहळू उचलला आणि सुटण्याआधी ती अख्खी बस हुडहुडी भरल्यासारखी थरथरली. खिडक्या खुळखुळल्या, उभ्या असलेल्यांनी दांडे घट्ट धरले, मागे कुणीतरी ड्रायव्हरचा उद्धार केला. यात नवीन काही नव्हतं. पण नेमकी त्याच वेळी शेजारी बसलेली बायको खोकली. एकदाच, कोरडं, घशात अडकलेला केस काढावा तसं. ती पडद्यांच्या कापडाविषयी बोलत होती, निळं घ्यावं की मातकट, आणि खोकून झाल्यावर जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच तिने ते पुन्हा उचललं. त्याने मात्र त्यानंतरचं काही ऐकलं नाही. बसची थरथर तळपायांतून वर चढली होती, खोकला कानातून खाली उतरला होता, आणि दोन्ही कुठेतरी छातीपाशी एकमेकांना भेटली होती. थरथर त्याच्या ओळखीची होती. खोकलाही.

थरथरीचं कारण त्याला झोपेतही सांगता आलं असतं. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक चकती असते. पेडल दाबलं की ती सुटी होते, सोडलं की घासत घासत पकड घेते. ती घासण्याची कडी, चकतीच्या दोन्ही अंगांना बसवलेली, बनवण्याच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला होता. काचेचे धागे, सोबत पितळेची बारीक तार, दोन्ही राळेत भिजवायचे, यंत्रावर आडवेतिडवे गुंडाळून कडं करायचं, दाबायचं, भट्टीत भाजायचं, मग घासून सपाट करायचं. कड्यावर कुठून तेल ठिबकलं, किंवा तापून तापून त्याला आरशासारखी चकाकी आली, की ते एका दमात पकडत नाही. पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं. बाहेरच्या माणसाला वाटतं ड्रायव्हर शिकाऊ आहे. हे सगळं त्याने नेहमीप्रमाणे मनातल्या मनात म्हणून टाकलं; कारण सापडलं की त्याला बरं वाटे. गुंडाळणी विभागात त्याला शंकासुर म्हणत. कड्याचं वजन दोनदा करणारा, राळेचं पातेलं हुंगून बघणारा, घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत येणारा. त्याने या नावाचा कधी राग मानला नाही. शंका घेतली नाही तर काय होतं हे त्याने लहानपणी बघितलं होतं, आणि तेच आता शेजारच्या सीटवर खोकलं होतं.

आईचा खोकला असाच सुरू झाला होता. बोलण्याच्या मधोमध एक, आणि मग बोलणं चालू. घरात कुणी मान वळवून बघितलंही नसेल. वडील त्याच कारखान्यात होते, काच यायच्या आधीच्या काळात, जेव्हा कडी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्यांची होत. वडील त्याला दगडी कापूस म्हणायचे आणि मोठ्या कौतुकाने सांगायचे की हा दगड पिंजता येतो, विणता येतो आणि जाळला तर जळत नाही. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवया, कान, बुटांच्या नाड्या, सगळं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरं असे. दारातच ते दोन्ही हात वर करून भूत होत आणि तो किंचाळून आईच्या मागे लपे. मग आई त्यांचे कपडे गॅलरीत नेई आणि कठड्यावर आपटून आपटून झटके. उतरत्या उन्हात ती धूळ चमकायची. खाली यायची घाई नसल्यासारखी तरंगत राहायची. त्याला ती फार सुंदर वाटे. पुढे आई जिन्यात थांबायला लागली, मग खोलीतल्या खोलीत थांबायला लागली, मग पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत उचलून, नुसती श्वास ओढत बसायला लागली. डॉक्टर म्हणाले दमा. त्यांनी मांजराचं विचारलं, उशीतल्या कापसाचं विचारलं, गार पाण्याचं विचारलं. कपडे कोण झटकतं हे कुणी विचारलं नाही. वडील मात्र ठणठणीत राहिले. पत्ते खेळत, विनोद करत, पाव्हण्यांना हसवत खूप म्हातारे होऊन गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की बायको मुळातच नाजूक होती.

पडदे घेतले. कोणत्या रंगाचे ते घरी येऊन पिशवी उघडल्यावर त्याला कळलं. बायकोने विचारलं, अहो, लक्ष कुठे आहे तुमचं, आणि तो म्हणाला, कुठे नाही, दुकानातली हवा कोंदट होती. त्या रात्री जेवताना ती पुन्हा खोकली आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

भीती वाटली की त्याची जाण्याची एक जागा ठरलेली होती. दाताच्या डॉक्टरांकडे, परीक्षेच्या आदल्या दिवशी, मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर, तो डोळे मिटून तिथे जाई. आईचं इस्त्रीचं टेबल. शेजारपाजारचे कपडे ती इस्त्रीला घेई. दुपारभर काम चाले, आणि शेवटचा सदरा घडी होऊन बाजूला गेला की टेबल रिकामं होई, पण ऊब राही. त्यावर एक जाड करडं कापड पसरलेलं असे, मऊ, किंचित खरखरीत, तापलेल्या लोखंडाचा वास आत मुरलेलं. तो पुस्तक घेऊन त्या टेबलावर चढे, पालथा पडे आणि गाल त्या कापडावर टेकवी. दुसऱ्या गालावर खिडकीतली हवा लागे. अक्षरं इतकी जवळ असत की एकेक झाडाएवढं मोठं दिसे. आई म्हणे, उतर रे आता, पाय लोंबताहेत, आणि उतरवत मात्र नसे. वाचनाचं वेड त्याला शाळेत लागलं नव्हतं, त्या उबेत लागलं होतं. आयुष्यात नंतर कधी इतकं सुरक्षित वाटलं नाही. आताही, बायको भांडी आवरत असताना, तो खुर्चीत डोळे मिटून तिथे गेला, गाल टेकवला, आणि स्वयंपाकघरातून खोकला आला.

काच आहे ही, तो स्वतःला सांगू लागला. तो कारखान्यात लागला तेव्हा जुनी शेड बंद झाली होती. नव्या शेडमध्ये नवी यंत्रं, आणि फिरक्यांवर पांढराशुभ्र, रेशमासारखा चमकणारा काचेचा धागा. दगडी कापूस मी कधी हातात धरलाच नाही, हे वाक्य तो कुणालाही ऐकवायचा, पाव्हण्यांना, जावयाला, न्हाव्यालाही. पहिल्या आठवड्यात मुख्य कचेरीतून एक बाई आल्या होत्या, संशोधक, वयाने त्याच्याएवढ्याच, आणि सगळ्यांना जेवणघरात बसवून पडद्यावर चित्रं दाखवली होती. जुना धागा बांबूसारखा आहे, त्या म्हणाल्या होत्या. उभा चिरतो. चिरलेल्याच्या पुन्हा चिरफाळ्या होतात, बारीक, आणखी बारीक, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या, आणि त्या श्वासाबरोबर अगदी तळाला जाऊन बसतात. काच खडूसारखी आहे. ती आडवी मोडते. तुकडे आखूड होतात, पण जाडी तेवढीच राहते, आणि इतकं जाड काही छातीच्या तळापर्यंत उतरत नाही. कातडीला टोचेल, डोळे चुरचुरतील, त्यासाठी मुखपट्टी लावा, अंगाला आधी गार पाणी, मग साबण. गरम पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि काच आत शिरते. त्याने सगळं पाठ केलं. त्याच संध्याकाळी लग्नाला वर्षही न झालेल्या बायकोसमोर एक खडू आणि बांबूची एक काडी घेऊन तो बसला, एक आडवा मोडला, दुसरी उभी चिरली, आणि अभिमानाने म्हणाला की बघ, हा फरक. ती म्हणाली, म्हणजे कपडे झटकू ना मी. आणि तो म्हणाला, झटक खुशाल.

त्या दोन शब्दांपाशी तो पुन्हा पुन्हा येऊन आपटू लागला. झटक खुशाल. ती झटकत आली होती, खिडकीबाहेर हात काढून, तोंड वाकडं करत, वर्षानुवर्षं. कारखान्याच्या कपड्यांची बादली वेगळी होती, तिला ती काचेची बादली म्हणे, आणि चुकून एखादा टॉवेल त्यात पडला की दुसऱ्या दिवशी मानेला खाज सुटून घरभर तक्रार होई. मग दोघं हसत. ती चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या हातावर दाबून टरकन ओढी, पट्टीवर चमचमणारे कण दिव्याखाली धरी आणि म्हणे, लोकांचे नवरे दागिने आणतात. आता त्याला वाटलं, त्या बाईंनी दाखवलं ते चित्र धाग्याचं होतं. पण कडी घासून सपाट करताना जी भुकटी उडते, ती खडूची की बांबूची? तिच्यात राळ जळलेली असते, पितळ असतं. आणि जुन्या शेडमधल्या लोकांनाही कुणीतरी जेवणघरात बसवून सांगितलंच असेल की काही होत नाही. सांगणारा खोटं बोलत नसेल. त्याला तेवढंच माहीत असेल.

दुसऱ्या दिवसापासून तो आपले कपडे स्वतः धुऊ लागला. कारखान्यातून आला की दारातूनच न्हाणीघरात, नळ सोडून, श्वास रोखून, पाण्याखालीच सदरा पिळायचा. बायकोने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दाराबाहेरून विचारलं की निवृत्तीनंतर हाच धंदा काढायचा विचार आहे का. तो म्हणाला, तुला त्रास कशाला. ती म्हणाली, इतक्या वर्षांनी आठवण झाली का. तिच्या आवाजात गंमत होती, पण गमतीच्या शेवटी तो खोकला होताच, टाचणीसारखा. घरात असला की तो आता वर्तमानपत्र धरून बसे आणि एकही ओळ वाचत नसे. खोकला आला की वाईट. बराच वेळ आला नाही की त्याहून वाईट, कारण मग तो वाट बघू लागे. ती जिना चढताना तो मुद्दाम मागे राही आणि ती कुठे थांबते का बघे. ती मधल्या टप्प्यावर थांबली तर तोही खालीच थांबे, आणि ती वळून म्हणे, तुमच्यासाठी थांबलेय, चला.

तपासणीच्या खोलीत काम करणाऱ्या मित्राला त्याने शेवटी विचारलंच. त्या मित्राला सगळे भोवरा म्हणत, कारण दिवसभर कडी गरगर फिरवणं हेच त्याचं काम. जाड पोलादी पेटी, तिच्यात भट्टीतून नुकतं काढलेलं गरम कडं अडकवायचं, झाकण आवळायचं आणि वेग वाढवत न्यायचा, कडं फुटेपर्यंत. गाडीत ते ज्या वेगाने फिरतं त्याच्या दुपटीलाही टिकलं पाहिजे. टिकतं ते काचेमुळे. राळ जळेल, पितळ वितळायला येईल, पण काचेचा धागा कड्याला धरून ठेवतो. फिरत्या कड्याचं हे गाणं तो किती वेळा ऐकत आला होता, आधी शीळ, मग किंकाळी, मग ऐकूच येऊ नये इतकं उंच काहीतरी, आणि मग पेटीच्या आत धाडकन आवाज. आज त्या शिळेकडे त्याने नीट कान दिला. वाटलं, हे आतल्या आत वाढत चाललंय आणि आपण बाहेर उभे राहून आकडा बघतोय. धाडकन झालं तेव्हा तो दचकून भिंतीला टेकला. भोवऱ्याने झाकण उघडून चिमट्याने कड्याचे तुकडे बाहेर काढले. ते सुटे झालेच नव्हते, फाटलेल्या कापडासारखे पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना लोंबत होते.

त्याने विचारलं, तुझे कपडे घरी कोण धुतं रे.

भोवऱ्याने कानातले बोळे काढले आणि त्याला पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाला, "मीच. तिचेही मीच धुतो. का, पगार देणार आहेस का धोब्याचा?" मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "वहिनींना काही झालंय का?"

खोकते, तो म्हणाला.

भोवऱ्याने तुकडे टोपलीत टाकले, हातमोजे काढले. तो म्हणाला की त्याची बायकोही खोकते, शेजारीण खोकते, ऋतू बदलतोय, तूही जरा जास्त वाचतोस, आणि काच असलं काही करत नाही हे आपल्याला तेव्हाच सांगितलं होतं. तो हे सगळं फार भरभर म्हणाला. नंतर हात धुताना नेहमीपेक्षा जास्त वेळ नळाखाली धरून राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "दाखवून घे पण. उगीच राहून जायला नको." ती शेवटची ओळ ऐकल्यावर तो आधीच्या सगळ्या ओळी विसरला. भोवऱ्यालाही भीती वाटत होती. इतकी वर्षं शेजारी शेजारी काम करून, मुखपट्ट्या गळ्यात लोंबत ठेवून चहा पिऊन, दोघांनी एकमेकांपासून ती लपवली होती.

रविवारी दुपारी ती झोपली होती आणि तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला होता. नव्या पडद्यांमधून आलेल्या उजेडाने खोली पाण्याखाली गेल्यासारखी निळी झाली होती. तिची छाती वर जात होती, खाली येत होती. वर जाताना ठीक. खाली येताना शेवटी एक बारीक घरघर होती का? त्याने स्वतःचा श्वास थांबवला म्हणजे नीट ऐकू येईल. रस्त्यावरून गाडी गेली, त्यात काही ऐकू येईना. त्याला वाटलं, आपण हिच्यावर आपल्या वडिलांचाच खेळ खेळलो. दारात हात वर करून भूत झालो नाही इतकंच. वडिलांना निदान माहीत नव्हतं. आपल्याला आईचं माहीत होतं, आणि तरी एका खडूवर विश्वास ठेवला, कारण तो विश्वास सोयीचा होता, नोकरी होती, घर होतं. श्वास ओढताना आईचे डोळे कुणावरच नसत. ते आपल्याच आत बघत असत, एखादं माणूस अंधारात किल्ली शोधतं तसे. ते डोळे आता हिच्या चेहऱ्यावर येतील, कधी ते सांगता येत नाही, पण येतील, आणि आपण पलंगाच्या कडेला उभे राहू.

"काय बघताय?" ती डोळे न उघडता म्हणाली. "आहे मी अजून."

त्याने खुर्ची जरा मागे सरकवली. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, आणि उठून बसली. मग हळू म्हणाली, "आईंचं डोक्यात आलंय ना तुमच्या? बसमध्येच आलं. मला कळलं होतं."

त्याने मान हलवली.

मग मला का नाही सांगितलंत, तिने विचारलं. ती पाय खाली सोडून बसली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली की तुम्ही असे बघायला लागलात की मला खोकायचीसुद्धा चोरी झालीय, दाबून दाबून घसा दुखतोय, त्यापेक्षा जाऊ आणि छातीचा फोटो काढून घेऊ, एकदाचं काय ते कळेल. म्हणजे तीही दाबत होती. मधे खोकला येत नसे तेव्हा तो बरा झालेला नसे. ती तोंडावर हात दाबून न्हाणीघरात उभी असे. हे कळल्यावर त्याला उलट अधिकच भीती वाटली.

छातीच्या डॉक्टरीण बाईंच्या दवाखान्यात बाकांवर सगळे खोकणारे होते आणि प्रत्येकाचा खोकला वेगळा होता. त्याने ते आपोआप वर्गवार लावले, कड्यांसारखे, हा ओला, हा जुना, हा नुसत्या सवयीचा. तिला आत नेलं, झगा घालून ती दारात क्षणभर दिसली, शाळेच्या नाटकातल्या मुलीसारखी, आणि दार लागलं. तो बंद दाराकडे बघत बसला. तिच्या छातीचं चित्र त्याला आधीच दिसत होतं. आईच्या छातीच्या फोटोचा तो काळा कागद घरी कपाटावर कितीतरी वर्षं होता. वडिलांनी एकदा तो खिडकीशी धरून म्हटलं होतं, बघ, तुझी आई आतून अशी दिसते. फासळ्यांच्या मागे धुकं होतं. खाली, कडांना, जिथे काळं असायला हवं तिथे, जाळीसारखं, कुणीतरी खोडरबर फिरवल्यासारखं. त्याला ते ढगांसारखं वाटलं होतं आणि तो काहीतरी गोड बोलला होता. काय ते आता आठवत नव्हतं.

मग त्यालाही आत बोलावलं. डॉक्टरीण बाई वयाने मुलीएवढ्या असतील. त्यांनी दिव्याच्या पेटीवर फोटो लावला, आणि त्याने आधी फोटोकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या जांभई दाबत होत्या. मग त्याने फोटोकडे बघितलं. फासळ्या, आणि त्यांच्या मागे काळं. स्वच्छ, खोल, रात्रीच्या आभाळासारखं काळं, अगदी कडांपर्यंत.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं की मावशी, रक्तदाबाची गोळी अलीकडे बदलली का. बदलली होती. त्या हसल्या. त्या गोळीने कित्येकांना असा कोरडा खोकला येतो, त्या म्हणाल्या, मी दुसरी लिहून देते, थोडे दिवस जातील, मग बंद होईल. छाती एकदम छान आहे. त्याने हे ऐकलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. खोली एकदम रुंद झाली. बाहेर कुणीतरी भाजीच्या भावावरून भांडत होतं आणि ते भांडणही त्याला आवडलं. बायकोने त्याच्याकडे वळून बघितलं, तिचे डोळे भरले होते, पण तोंड नेहमीचंच.

"गोळी निघाली हो," ती म्हणाली. "शंकासुराचं एवढं मोठं युद्ध, आणि समोर गोळी." मग ती डॉक्टरीण बाईंना सांगायला लागली, माणूस संकटातून सुटला की सांगतो तसं, सगळं, हसत हसत. यांचा कारखाना, काचेची बादली, यांना वाटलं यांच्या कपड्यांतली काच माझ्या छातीत गेली, सासूबाई तशाच गेल्या ना, सासरे जुन्या शेडमध्ये होते, तेव्हा तो दुसरा कापूस होता, दगडाचा.

डॉक्टरीण बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या आता बायकोकडे बघत नव्हत्या.

त्यांनी त्याला वय विचारलं. आई गेली तेव्हा तुम्ही केवढे होतात ते विचारलं. स्वतः कधी जुन्या शेडमध्ये काम केलं का, ते विचारलं. तो इतका हलका झाला होता की त्याने ते नेहमीचं वाक्य जवळजवळ गाण्यासारखं म्हणून दाखवलं. तो दगडी कापूस मी कधी हातात धरलाच नाही. मी लागलो तेव्हा काच आली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि घरात? काका, त्या वेळी लोक कारखान्यातून उरलंसुरलं घरी आणायचे. पोती, दोर, कापडाचे तुकडे. जळत नाही म्हणून चुलीजवळ वगैरे घालायला. तुमच्याकडे तसलं काही होतं का?"

नाही, तो म्हणाला. असं काही नव्हतं.

तो खरंच तसं समजून म्हणाला. मग तो थांबला. जळत नाही म्हणून. खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या कागदाचा कोपरा उचलत होता, ठेवत होता. करडं, जाड, मऊ, किंचित खरखरीत. त्याला त्या कापडाची कड आठवली, आईने तिला दुमडून मोठे टाके घातले होते कारण ती सारखी सुटायची, आणि सुटलेल्या कडेतून जो पिंजलेला कापूस निघे तो वाचता वाचता बोटांनी ओढून फुंकर मारून उडवत असे. खिडकीच्या उजेडात तो वर जाई, खाली यायची घाई नसल्यासारखा. वडिलांनी ते एका संध्याकाळी बगलेत गुंडाळून आणलं होतं. आईला म्हणाले होते, घे, कितीही तापव, याला डाग पडणार नाही. आई इतकी खूश झाली होती. आणि तो तिथे पडायचा, रोज, नाक कापडात, तोंड किंचित उघडं, जसं पुस्तकात गढलेल्या मुलाचं असतं. आयुष्यभर भीती वाटली की तो तिथेच जात आला होता.

"इस्त्रीच्या टेबलावर," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "इस्त्रीच्या टेबलावर एक कापड होतं."

बायकोचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण त्याच्यातून ती निघून गेली होती. डॉक्टरीण बाई मग नीट, सावकाश म्हणाल्या की असेलच असं नाही, बहुतेकांना काही होत नाही, पण जे होतं ते फार वर्षांनी कळतं, तेव्हा आलाच आहात तर तुमचाही एक फोटो काढू. नुसता बघायला. त्यांनी घंटी वाजवली.

फोटो काढणाऱ्याने त्याला सदरा काढायला लावला. खोली गार होती, भिंतीला उभा फळा होता, काळा, गुळगुळीत. छाती टेकवा, दोन्ही हातांनी कवेत घ्या, खांदे पुढे, असं सांगून तो माणूस भिंतीआडच्या कोपऱ्यात गेला. त्याने फळा कवेत घेतला. गारठा फासळ्यांतून आत शिरला. बसची ती थरथर पुन्हा पायांतून वर चढू लागली आणि त्याला कुठेतरी जायला हवं होतं, नेहमी जायचा तिथे, आणि तिथे जाता येत नव्हतं. ते टेबल अजून होतं. ऊबही होती. आई म्हणत होती, उतर रे आता.

"काका, गाल टेकवू नका," भिंतीआडून आवाज आला. "हनुवटी वर."

त्याने गाल उचलला. फळ्यावर त्याच्या श्वासाचा एक ओला डाग उमटला होता आणि कडांकडून लहान लहान होत चालला होता. दाराच्या पलीकडे बायको खोकली, मोकळेपणाने, न दाबता, गोळीचा साधा खोकला.

"मोठा श्वास घ्या," आवाज म्हणाला. "आणि रोखून धरा."

त्याने घेतला. आत, आणखी आत, अगदी तळापर्यंत. कुठेतरी काहीतरी बारीक चिरल्यासारखं झालं, किंवा झालं नाही. यंत्राने खट् असा आवाज केला.

"सोडा," भिंतीआडून आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा, "काका, झालं. सोडा आता."

तो फळ्याला घट्ट धरून तसाच उभा राहिला.